एकट्यासाठी हलका टेंट: सह्याद्रीत नक्की कुठला चालतो?

कळव्याचा_भटक्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत असतो, आज विचारायला आलोय. आमच्या ट्रेकच्या ग्रुपचं आता फक्त व्हॉट्सॅप उरलंय, कोणाचं लग्न झालं, कोणी पुण्याला गेलं, कोणाला शनिवारीपण ऑफिस, आणि "पुढच्या महिन्यात नक्की" हे ऐकून ऐकून कान किटले म्हणून आता एकट्यानेच निघायचं ठरवलंय. डिसेंबरात रतनगड ते हरिश्चंद्रगड करायचाय, म्हणजे रतनवाडीतून गड, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई आणि वर.

घरात एक जुना दोन जणांचा टेंट पडलाय, फायबरचे पोल, पिशवीसकट तीन किलोच्या वर भरतो. दोघांत वाटून नेला तर ठीक, पण एकट्याच्या सॅकमध्ये तो टाकला की बाकीचं सामान हातात घेऊन चालावं लागेल. म्हणून एक जणाचा हलका हवाय. बजेट १५ हजारापर्यंत ताणू शकतो, त्याच्यावर गेलं तर घरी बिल दाखवायची सोय नाही.

यूट्यूब बघून तीन नावं काढलीत, लानशान १, नेचरहाइकचा क्लाउड अप १, आणि डेकॅथलॉनचा ट्रेकिंगवाला एक जणाचा. लानशान सगळ्यात हलका, ९०० ग्रॅमच्या आसपास, खरं सांगायचं तर मन त्याच्यावरच बसलंय. पण तो ट्रेकिंग पोलवर उभा राहतो आणि त्याचे व्हिडिओ सगळे परदेशातले, हिरवंगार गवत, पेग (दोरी ताणायला जमिनीत ठोकतात ती खुंटी) अंगठ्याने दाबला की आत. आपल्याकडे असं कुठे असतं?

उंची ५ फूट ११ इंच, थंडी फार वाजत नाही, घोरतो पण ऐकायला कोणी नसणार. गाडी नाही, ठाण्याहून कसारा लोकल आणि पुढे जीप. पावसाळ्यात मुक्काम करणार नाहीये. काय घेऊ?

नेरूळची_सह्यवेडी

आपल्याकडे तसली जमीन कुठे असते हे तूच विचारलंस आणि तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. ग्रॅम नंतर मोज, आधी टेंट कशावर लावणार ते बघ.

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूला जा, वर चार बोटं माती आणि खाली अखंड कातळ. पेग दोन इंच जातो आणि टण्ण करून वाकतो. रतनगडावर तेच. कोकणात उतरलास तर जांभा, तो दिसायला मऊ पण पेग धरत नाही, भोकं भोकं असतात त्यात खडा अडकतो नाहीतर पेग सैल राहतो. आता लानशानसारखा टेंट म्हणजे काय तर एक काठी मधे आणि चारी बाजूंनी ताण, ताण गेला की सगळं अंगावर. त्याला स्वतःचा पोल नावाची गोष्टच नाही, पेग हाच त्याचा सांगाडा. आणि जो स्वतःच्या पोलवर उभा राहतो त्याला पेग नाही लागले तरी तो उभा असतो, तू आत झोपलास की तुझ्याच वजनाने जागेवर राहतो, वारा असेल तरच दोऱ्या बांधायच्या.

क्लाउड अपबद्दल एक सांगते, तो पूर्ण फ्रीस्टँडिंग, म्हणजे पेगशिवाय आपला आपण उभा राहणारा, नाही. त्याचा पोल वाय आकाराचा आहे, डोक्याकडचे दोन कोपरे पोल धरतो पण पायाकडे एकच टोक येतं, तिथले दोन कोपरे ताणावेच लागतात नाहीतर पायाशी कापड लोंबतं आणि आउटर (वरचं पावसाचं कापड) इनरला (आतल्या जाळीच्या खोलीला) चिकटतो. पण दोन कोपरे दगडाने ताणणं आणि अख्खा टेंट दगडांवर उभा करणं यात फरक आहे. वजन दीड किलोच्या आत. मी तुझ्या जागी असते तर हाच घेतला असता, ५००-६०० ग्रॅम जास्त गेले तर एक पॉवरबँक कमी ने.

कसारा_फास्ट

बाकी काही घे पण तो फेकला की उघडतो तो गोल टेंट घेऊ नकोस. मित्राने आणलेला, दोन सेकंदात उघडतो हे खरं, मिटायला पाच जण आणि एक इंजिनीअर लागला. मिटल्यावर पण ती भलीमोठी गोल चकती पाठीला लावून हा माणूस कसारा लोकलमध्ये चढला, कल्याणला लोकांनी असा काही उद्धार केला की विचारू नका.

ताडपत्री_काका

टेंट कशाला हवा हा माझा प्रश्न. आम्ही कॉलेजात असताना ही रेंज केली तेव्हा एक ताडपत्री आणि घोंगडी. रतनगडावर गुहा आहे, हरिश्चंद्रगडावर देवळाजवळ लेण्या आहेत, कुमशेतला कोणाच्याही ओसरीवर विचारलं तर नाही म्हणत नाहीत, वर पिठलं भाकरी मिळते आणि त्या घराला चार पैसे मिळतात. तुम्ही १५ हजार कापडावर घालणार आणि त्याच गावात बाटलीबंद पाण्यासाठी घासाघीस करणार. राग मानू नको बाळा, पण विचार कर.

नेरूळची_सह्यवेडी

काका मुद्दा बरोबर आहे, गावात राहायचं तर टेंट नकोच. पण शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत आता पाय ठेवायला जागा नसते, आणि जागा मिळाली तर उंदीर असतात, सॅकमधला चिवडा रात्री कोण खातंय ते ऐकत पडायचं. गुहेत ओल असली की विंचू. आणि खाली कोकणाच्या बाजूला फुरशी काय कमी आहेत का, मातकट रंगाची एवढीशी, दगडाच्या आडोशाला बसलेली दिसत पण नाहीत. मला चेन लावून बंद होणारं इनर हवंच, बाकी छप्पर कसलं का असेना. नुसती ताडपत्री टांगून झोपायची माझी तयारी नाही.

ग्रॅममोजू

लानशानच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितोय, नाहीतर तो बिचारा इथे बिनखटल्याचा फासावर जाईल.

सह्यवेडी ताई म्हणतात ते कातळाचं खरं आहे पण कातळ जिथे असतो तिथे दगड पण असतात, सह्याद्रीत दगडाला काय तोटा. पद्धत अशी की पेग ठोकायचाच नाही. दोरीच्या टोकाला फास करायचा, त्यात वीतभर लांबीचा छोटा दगड किंवा पडलेली सुकी काटकी आडवी अडकवायची, ती जमिनीवर ठेवायची आणि तिच्यापुढे, म्हणजे टेंटच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा ठेवायचा. ताण आला की छोटा दगड मोठ्याला मागून अडतो आणि दोरी सुटत नाही. नुसता धोंडा दोरीवर ठेवला तर सरकतो, सगळे तिथेच चुकतात. आणि दोरी थेट दगडाला बांधू नका, आपला बेसाल्ट फुटला की धार असते त्याला, रात्रभर वाऱ्याने घासून टेंटबरोबर आलेली बारीक दोरी तुटते. प्रत्येक कोपऱ्याला दीड-दोन मीटर तीन मिलीमीटरची जाड दोरी जोडून ठेवायची, सगळी मिळून मूठभर होते. कारवीच्या सुक्या काड्या चालतात, उभी कारवी तोडू नका प्लीज.

याला किती वेळ लागतो? सवय झाली की चहाला आधण येईपर्यंत. पण हो, अंधारात पोचलात, वारा सुटलाय आणि एकटे आहात तर दगड शोधत फिरणं वैताग आहे हे मी नाकारत नाही.

दुसरं, काठी. लानशानला सव्वाशे सेंटीमीटरच्या आसपास उंचीची काठी लागते. ट्रेकिंग पोल वापरत असाल तर प्रश्न नाही, नसाल तर त्या पोलचं वजन आणि किंमत टेंटमध्ये धरा, हे लोक विसरतात आणि ९०० ग्रॅम ९०० ग्रॅम करत बसतात. गावातली बांबूची काठी पण चालते, वरच्या टोकाला जुना मोजा गुंडाळायचा म्हणजे कापड फाटत नाही.

तिसरं, त्याचं कापड सिलनायलॉन आहे, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन, त्यामुळे शिवणीवर आतून टेप चिकटत नाही. म्हणजे शिवणी आपण सील करायच्या. आणि नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला टेंट दव पडलं की रात्री दहाला पोट सोडून बसतो. झोपायच्या आधी बाहेर येऊन एकदा दोऱ्या ओढायच्या. पॉलिस्टरवाल्यांना हा त्रास नाही.

चौथं, लानशान १ प्रो नावाचा आणखी हलका येतो, ६९० ग्रॅम, तो बघून भुलू नका. तो एकपदरी आहे, इनर आउटर वेगळं नाही. आपल्या दमटपणात तो घेणं म्हणजे आंघोळीची सोय आतच.

वाशी_ते_वासोटा

या शेवटच्या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळे पाऊस पाऊस करतात आणि आपल्याकडे टेंटमध्ये भिजायला होतं ते पावसाने नाही, दवाने.

ऑक्टोबर ते डिसेंबर, आभाळ स्वच्छ, भंडारदऱ्याच्या किंवा पवनेच्या काठावर पाण्यापासून दहा पावलांवर टेंट लावला, फोटो झकास आले, आणि पहाटे चारला नाकावर थेंब. झोपलेला माणूस रात्रभरात श्वास आणि घाम मिळून पाव-अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो, ते जाणार कुठे? वर मोकळं आभाळ असलं की टेंटचं कापड आपली उष्णता आभाळाला देत बसतं आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं, त्या गार कापडाला आतली दमट हवा लागली की पाणी. पाण्याच्या काठाला हवा आधीच ओली, आणि खोलगट जागेत रात्री गार हवा येऊन साचते, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. त्यापेक्षा जरा वर, थोडा वारा लागेल अशा जागी लावला तर निम्मं काम होतं. झाडाच्या फांदीखाली लावला तर आभाळ झाकलं जातं, दव कमी पडतं, फक्त वर वाळकी फांदी आणि आग्यामोहोळ नाही ना ते उजेडात बघून घ्यायचं. कड्यांना मोहोळं असतात, त्यांच्या जवळ धूर करायचा विचारही नको.

म्हणून दोनपदरी. इनर पूर्ण जाळीचं असलं तरी चालेल, आपल्याकडे हिमालयासारखी थंडी नाही, डिसेंबरात पठारावर वारा बोचतो पण चांगली स्लीपिंग बॅग असेल तर जाळी त्रास देत नाही. आउटरवर जमलेलं पाणी जाळीवरून सरकतं, अंगावर येत नाही. आउटर जमिनीपासून थोडा वर ठेवायचा, वरची खिडकी असेल तर ती उघडी ठेवायची, आणि वारा नसेल तर दार पण उघडं, नुसतं इनरचं बंद. लोक थंडी वाजते म्हणून सगळं गच्च बंद करतात आणि सकाळी टेंट वॉटरप्रूफ नाही म्हणून दुकानदाराला शिव्या घालतात.

आत स्टोव्ह पेटवू नका हे सांगायला हवंच का? सांगतो. कापड पेटतं ते एक, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो.

कळव्याचा_भटक्या

अरे वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काका, तुमचं ऐकलं, कुमशेतला ओसरी नक्की, म्हणजे टेंट गडांवरच लागणार.

आता पुढचे प्रश्न. ट्रेकिंग पोल मी वापरत नाही, गुडघे अजून शाबूत आहेत, म्हणजे लानशान घेतला तर पोल पण घ्यावा लागेल. दुसरं, माझ्या उंचीला एक जणाचा टेंट पुरेल का, आकड्यांत सगळे २१० सेंटीमीटर लिहितात. तिसरं, शिवणी सील करायचं सामान इथे मिळतं का? आणि चौथं जरा वेगळं, एकट्याने टेंटमध्ये झोपताना भीती वाटते का हो?

ग्रॅममोजू

सीलचं मी सांगतो. बाहेरून मागवायची गरज नाही, हार्डवेअरवाल्याकडे पारदर्शक सिलिकॉन सीलंटची नळी मिळते, बाथरूमच्या टाइल्सला लावतात ती, फक्त शंभर टक्के सिलिकॉन लिहिलंय ना ते बघ, अॅक्रिलिक देतील खपवून. जुन्या वाटीत थोडं पिळायचं, मिनरल टर्पेंटाइन घालून पातळ करायचं, साधारण मधासारखं झालं पाहिजे, आणि स्वस्तातल्या ब्रशने शिवणीवर बाहेरून अर्धा इंच रुंद पट्टा मारायचा. टेंट ताणून उभा करून मार, ढिल्या कापडावर मारलं तर टाक्यांच्या भोकात जात नाही. वरचा शेंडा जिथे काठी लागते तिथे दोनदा. एक दिवस वाळू दे, मग शिवणीवर टाल्कम पावडर फासायची नाहीतर घडी केल्यावर कापड कापडाला चिकटतं. वास येतो, घरात करू नकोस, आई टेंटसकट बाहेर काढेल. हे फक्त सिलिकॉनच्या कापडाला, पीयू कोटिंगवाल्याला (पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडाला) हे धरत नाही, त्याला शिवणीवर टेप आधीच असतो.

मिळण्याचं म्हणशील तर २०२० च्या नोव्हेंबरात अलीएक्सप्रेस हे चिनी ऑनलाइन दुकान भारतात बंद झालं तेव्हापासून लानशान थेट येत नाही, इथे जे विकतात ते कोणीतरी आणलेले असतात आणि किंमत त्यांच्या मनाला येईल ती. पोल धरून तुझं बजेट फाटेल. पोल वापरत नसशील तर प्रामाणिकपणे सांगतो, माझा टेंट तुझ्यासाठी नाही. सह्यवेडी ताई जिंकल्या, लिहून घ्या.

नेरूळची_सह्यवेडी

जिंकले वगैरे काही नाही रे, तुझी दगडाची पद्धत मी उचलणार आहे.

उंचीचं. २१० जमिनीवर मोजलेलं असतं, भिंती तिरक्या असतात ना. तू १८० सेंटीमीटर, मॅट जाड फुगवायची असेल तर तू जमिनीपासून वर उचलला जातोस आणि वर गेलं की लांबी कमी होते. पायाकडे स्लीपिंग बॅग ओल्या जाळीला टेकली की टोक भिजणार. क्लाउड अप पायाकडे उतरता आहे, तिथे हे होतं, त्यामुळे तिरकं झोप नाहीतर पायावर रेनकोट टाकून झोप. आणि त्याचं दार डोक्याकडे आहे, बाजूला नाही, रात्री लघवीला उठलं की सरपटत बाहेर यायचं. काहींना चालतं, माझ्या आईला दाखवला तर म्हणाली ही कुत्र्याची खोली आहे का. डेकॅथलॉनमध्ये मांडलेला असेल तर बूट काढून आत जाऊन झोप, चेन लाव, बसून बघ डोकं लागतं का, कोणी काही म्हणत नाही. त्यांचे ट्रेकिंगचे टेंट आधी फोरक्लॅझ नावाने यायचे, आता सिमाँड असं लिहिलेलं असतं, उगाच शोधत बसू नकोस. फक्त त्यांचेच क्वेचुआ नावाचे घेऊ नकोस या कामाला, ते गाडीने जाऊन लावायचे, चांगले आहेत पण जड.

एक जणाचा की दोन जणांचा हलका हाही विचार कर. कंपन्या ज्याला दोन जणांचा म्हणतात त्यात एक माणूस आणि एक सॅक नीट मावते. क्लाउड अप २ चं वजन १ पेक्षा फार जास्त नाही, दीड किलोच्या थोडं वर. गडावर माकडं असतील तर सॅक आत घ्यावीच लागते, त्यांना चेन कुठून फाडायची ते बरोबर कळतं. खाणं मात्र टेंटमध्ये ठेवून पाण्याच्या टाक्यावर जाऊ नकोस, परत येशील तेव्हा टेंटला दोन दारं असतील.

भीतीचं विचारलंस ते बरं केलंस, कोणी विचारत नाही. हो वाटते. जनावरांची कमी, माणसांची जास्त, मला तरी. म्हणून मी रस्त्यापासून दिसेल अशा जागी टेंट लावत नाही, भडक रंग घेत नाही, आणि खालच्या गावात एका घरी जेवून सांगून जाते की मी वर आहे, सकाळी इतक्या वाजता उतरेन, नाही आले तर वर माणूस पाठवा. त्यांचा नंबर घरी देऊन ठेवते. पहिल्या रात्री पानाच्या आवाजाने पण जाग येते. रानडुक्कर जवळून गेलं तर अख्खं पठार हलल्यासारखं वाटतं, ते आपल्या वाटेने जातं, तुला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही आणि त्यालाही तुझ्याशी.

ताडपत्री_काका

मुलगी शहाणी आहे. तिचं ऐक.

आणि एक, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याचा नाका असतो, पावती फाडतात, कुठे मुक्काम चालतो कुठे नाही ते तिथे विचारून घ्यायचं, नियम बदलत असतात. शेकोटी अजिबात नको, डिसेंबरात गवत सुकलेलं असतं, ठिणगीचा वणवा व्हायला वेळ लागत नाही. बरेचसे गड पुरातत्त्वखात्याकडे आहेत, तिथे मुक्कामाला बंदी असली तर टेंट कितीही हलका असला तरी खालीच झोपायचं. कोकणकड्याच्या धारेवर टेंट लावणारे महाभाग बघितलेत मी, खालून वारा असा उसळतो की टोपी फेकली तर परत येते. टेंट उचलला गेला तर तो नाही यायचा परत. कड्यापासून चांगलं मागे, एखाद्या उंचवट्याच्या आडोशाला लाव, दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला.

घोडबंदर_रोडपीडित

कोणी साठवणुकीबद्दल बोललंच नाही आणि ठाण्यात तोच टेंटचा खरा शत्रू आहे. ट्रेकवरून आलं, टेंट पिशवीत कोंबला, माळ्यावर फेकला, पावसाळा गेला, दिवाळीच्या साफसफाईत काढला तर आतून चिकट चिकट आणि वास असा की शेजारी विचारायला आले. ते पीयू कोटिंग असतं ना आतलं, दमट हवेत त्याचं रसायन हळूहळू तुटतं, मग ते चिकटतं, पापुद्रे सुटतात आणि शिवणीची टेप पट्टी उघडते. धुऊन काही होत नाही, गेला तो गेला. खाडीकाठच्या आपल्या हवेत हे लवकर होतं. सिलिकॉनच्या कापडाला हा त्रास नाही, ग्रॅममोजू हा तुमच्या लानशानचा मोठा प्लस पॉइंट, तुम्ही सांगितलाच नाही.

उपाय काही मोठा नाही. आल्या दिवशी बाल्कनीत दोरीवर सावलीत पूर्ण वाळव, शिवणीचे कोपरे आणि पट्टे हाताने चाचपून बघ, ओल तिथे राहते. कडक उन्हात तासन्‌तास टांगू नकोस, ऊन नायलॉन खातं. मग पिशवीत नाही, जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पंख्याखाली पसरायचा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नकोस, साध्या पाण्याने हाताने. अलिबाग काशीदला नेलास तर चेनीत वाळू जाते, दात घासायच्या जुन्या ब्रशने काढ, टेंटमध्ये कापडाआधी चेन मरते नेहमी.

खाली घालायला त्यांचा महागडा फूटप्रिंट घेऊ नकोस, जाड प्लास्टिकचा कागद कापून घे. मापात टेंटपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं लहान काप, बाहेर आला की आउटरवरून ओघळलेलं पाणी त्याच्यावर पडून थेट तुझ्या खाली येतं.

वाशी_ते_वासोटा

उशीच्या अभ्र्याला माझं अनुमोदन. आणखी एक बारीक गोष्ट, पोल अॅल्युमिनियमचेच घे, फायबरचा पोल तुटला की त्याचे तुसे हातात घुसतात आणि जोडता येत नाही. अॅल्युमिनियमचा वाकतो, तुटला तरी वर एक छोटी नळी सरकवून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारली की ट्रेक पार पडतो. ती नळी बहुतेक टेंटबरोबर येते, लोक ती काय आहे कळलं नाही म्हणून फेकून देतात.

कळव्याचा_भटक्या

ठरलं, बहुतेक. पोल वापरत नाही म्हणून लानशान बाद, मन खट्टू झालं पण असो. क्लाउड अप २ की डेकॅथलॉनचा हे आत झोपून बघितल्यावर. त्याआधी शनिवारी गच्चीवर लावून बघायचा म्हणून मित्राचा क्लाउड अप मागून आणतोय, पाइपने पाणी मारून बघणार.

अडचण एकच. आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप आहे आणि चावी सेक्रेटरीकडे. काल विचारलं, टेंट लावायचाय म्हणून, तर म्हणाले लग्नाचा मंडप का, मग कमिटीची परवानगी आणि ५ हजार डिपॉझिट. एक माणूस झोपेल एवढाच आहे म्हटलं तर आणखी संशयाने बघायला लागले. गच्चीवर पेग तर लागणार नाहीत, मग कशाला बांधू?

कसारा_फास्ट

डिपॉझिट 😂😂 त्यांना वॉटरप्रूफिंगची टेस्ट आहे म्हणून सांग, सोसायटीत त्या शब्दाला लगेच चावी मिळते.

नेरूळची_सह्यवेडी

पाण्याच्या पाच लिटरच्या कॅनना बांध, चार पुरतील, पायाकडच्या दोन कोपऱ्यांना जास्त ताण दे. गच्ची म्हणजे कातळच आहे, तिथे नीट उभा राहिला तर रतनगडावर पण राहील. पाणी मारताना वरून मार, खालून आउटरच्या आत फवारा मारून गळतो म्हणून इथे लिहायला येऊ नकोस. आणि रात्री झोपून बघ एकदा, डास चावतात का ते कळेल, कळव्यात ती टेस्ट फुकट होते.